कोळशाच्या गावचा पियानोवादक : टेडी वेदरफर्ड



आम्ही व्यासपीठावर चढलो की कन्हानकरांना पुढचे पाठ असते. वेतन करार, कंत्राटी कामगार, सुरक्षा समितीची बैठक आणि शेवटी दोन घोषणा. त्यामुळे आम्ही विषय कळविला तेव्हा चालकांचा उलट निरोप आला की, पत्र तुमचेच आहे ना, की कोणी थट्टा केली? पत्र आमचेच होते. आज आम्ही एका पियानो वाजविणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहोत. आम्ही संगीताचे जाणकार नाही. शाळा लवकर सुटली आणि जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि पाळी संपल्यानंतरच्या जागरणात. तेव्हा रागदारीच्या जाणत्यांनी आमच्या चुका पोटात घालाव्यात, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

हा माणूस आम्हाला भेटला तो गाण्याच्या वाटेने नव्हे, तर अपघाताच्या वाटेने. सुरक्षा सप्ताहात बोलण्यासाठी आम्ही जगातल्या कोळसा खाणींच्या स्फोटांची माहिती गोळा करीत होतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पोकाहोंटास नावाचे गाव आहे. 1883 साली तिथून कोळशाची पहिली गाडी निघाली, आणि लगेच पुढच्या वर्षी, 13 मार्च 1884 रोजी, खाणीत स्फोट होऊन निदान 114 माणसे मेली. आम्ही वहीत आकडा टिपला. त्याच गावाची माहिती पुढे वाचताना एक ओळ दिसली की, येथे जन्मलेला एक काळा पियानोवादक 1945 साली कलकत्त्यात पटकीने मेला. आम्ही पेन खाली ठेवले. पोकाहोंटासच्या कोळशात जन्मलेला माणूस हुगळीच्या काठी कसा जाऊन मेला? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता हे व्याख्यान झाले.

टेडी वेदरफर्ड याचा जन्म 11 ऑक्टोबर 1903 चा. तो वाढला शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातील ब्लूफील्ड या गावी. ब्लूफील्ड म्हणजे त्या कोळसापट्ट्याचे रेल्वेचे ठाणे. खाणीतून आलेल्या वाघिणी तिथे जोडायच्या आणि समुद्राकडे रवाना करायच्या. सिल्लेवाडा, इंदर, कामठी या खाणींच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या गावाचे चित्र रंगवून सांगायला नको. रेषांवर उभ्या वाघिणी, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी आणि पाळीच्या भोंग्यावर चालणारा सगळा संसार. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या पट्ट्यातील पुष्कळ खाणींत मजुरी रोखीने न देता कंपनीच्या बिल्ल्यांत देत, आणि ते बिल्ले चालत फक्त कंपनीच्याच दुकानात. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घ्यायचे. आपल्याकडे खाणी 1973 साली राष्ट्राच्या मालकीच्या होण्याआधीची दुकानदारी ज्यांनी पाहिली आहे, अशी वडील मंडळी समोर बसली आहेत. त्यांना ही रीत नवी वाटणार नाही.

त्या मुलखात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1865 साली. आपल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांची बेडी तोडण्यासाठी कष्ट घेतले. म्हणजे आज आम्ही सातासमुद्रापलीकडल्या एका काळ्या कलावंताची कथा सांगतो, तो काही परका विषय नव्हे. तो धागा महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच हातात घेतला आहे. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यायच्या त्यांच्या अर्जाची चौकशी केली होती. तोच धागा तिथेही आहे.

बेडी तुटली, पण कष्ट राहिले, आणि कष्टाबरोबर गाणे राहिले. त्या गाण्यांतून जो एक प्रकार घडला त्याला 'ब्लूज' म्हणतात. ब्लूज म्हणजे मनावर आलेले मळभ. त्याची बांधणी अगदी साधी आहे. कडव्याला ओळी तीन. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. सगळे मिळून बारा मात्रांचे नव्हे, बारा आवर्तनांचे चक्र. पहिली ओळ दोनदा का? आम्हाला वाटते, एकीने म्हणावी आणि दुसरीने उचलावी अशी ती कामकऱ्यांची सोय आहे. आमची आई जात्यावर बसे तेव्हा ओवीची ओळ घोळवून घेई, आणि तेवढ्या वेळात पुढची ओळ तिला सुचे. दळण थांबत नसे आणि गाणेही थांबत नसे.

दुसरी गोष्ट स्वरांची. ब्लूजमध्ये गंधार आणि निषाद थोडे उतरलेले लागतात. ते पुरते कोमल नसतात आणि पुरते शुद्धही नसतात, दोहोंच्या मध्ये कुठेतरी हेलकावत असतात. गळ्याला ते जमते, सारंगीला जमते. पियानोला मात्र जमत नाही, कारण त्याच्या पट्ट्या ठोकून बसविलेल्या. आपल्या पेटीची तीच अडचण आहे. तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून 1940 पासून जवळजवळ तीस वर्षे आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले होते. मग काळ्या पियानोवादकांनी काय युक्ती केली? लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबायच्या, किंवा एकीवरून दुसरीवर बोट निसटू द्यायचे. दोन स्वरांच्या घासण्यातून मधला न मिळणारा स्वर कानाला भासतो. हत्यार अपुरे असले तर कामगार हत्याराला शिव्या देत बसत नाही, तो हाताची रीत बदलतो. ही युक्ती आम्हाला समजली तेव्हा त्या संगीताशी आमचे नाते जुळले.

टेडी बारा-तेरा वर्षांचा असताना न्यू ऑर्लीन्सला गेला आणि तिथे पियानो शिकला. 1920 नंतर तो शिकागोत आला. त्या काळी दक्षिणेतून लाखो काळी माणसे उत्तरेच्या कारखान्यांकडे चालली होती, आणि त्यांच्यामागून त्यांचे गाणेही चालले होते. शिकागोत व्हेंडोम नावाचे चित्रपटगृह होते. चित्रपट मुके, म्हणून पडद्यासमोर वाद्यवृंद बसे. अर्स्किन टेट हा त्या वाद्यवृंदाचा प्रमुख, टेडी पियानोवर आणि कर्णा वाजवायला लुई आर्मस्ट्राँग. त्या जगात आर्मस्ट्राँगचे नाव म्हणजे आपल्याकडे बालगंधर्वांचे नाव. मे 1926 मध्ये या वृंदाची एक ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तीत टेडीचा पियानो ऐकू येतो. त्याचा डावा हात विलक्षण बळकट. डावा हात खाली खर्जाचा घाव घालून लगेच वर स्वरसमूहावर येतो, पुन्हा खाली, पुन्हा वर, ठोक्याला ठोका न चुकता. उजवा हात त्यावर मोकळा खेळतो. अर्ल हाइन्स हा पुढे जगप्रसिद्ध झालेला पियानोवादक. तरुणपणी शिकागोत तो टेडीचे वादन ऐकून प्रभावित झाला होता. म्हणजे ज्याच्याकडून घेतले त्याला जग विसरले, आणि ज्याने घेतले त्याला मान मिळाला. यात हाइन्सचा दोष नाही. पण असे होते खरे.

आता एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. शिकागोत वादकांच्या संघटना दोन होत्या. गोऱ्यांची दहा क्रमांकाची शाखा, आणि काळ्यांची 208 क्रमांकाची. काळ्या वादकांना गोऱ्यांच्या शाखेत जागा नव्हती, म्हणून त्यांनी 1902 साली आपली वेगळी शाखा मिळविली. या दोन शाखा एक झाल्या त्या 1966 साली. चौसष्ट वर्षे लागली! आणि हे घडले कुठे, तर त्याच देशात जिथे खाणकामगारांची संघटना 1890 साली स्थापन होताना वर्ण आणि धर्म न पाहता सर्वांना एकत्र आणण्याची भाषा घटनेत लिहून मोकळी झाली होती. ती भाषाही प्रत्यक्षात सर्वत्र पाळली गेली असे नाही, पण निदान लिहिलेली तरी होती. आम्ही आयुष्यभर 'जगातील कामगारांनो, एक व्हा' असे ओरडत आलो. परंतु कामगारांच्या घरातच दोन चुली असतात, हे आम्हाला शिकागोच्या वादकांनी शिकविले असे नव्हे. आमच्या वसाहतीतील पाण्याच्या नळावर ते आम्ही लहानपणीच शिकलो होतो. शिकागोने एवढेच दाखविले की, हा रोग आपल्या एकट्याचा नाही.

1926 साली टेडी जॅक कार्टर याच्या पथकाबरोबर पूर्वेकडे निघाला. तेव्हा तो तेवीस वर्षांचाही नव्हता. पुढच्याच वर्षी बोलपट आला आणि काही वर्षांत चित्रपटगृहांतील वादक हजारोंनी घरी बसले. यंत्राने माणसाची पाळी बंद केली. टेडी वेळीच निघून गेला असे म्हणता येईल. तो शांघायला रमला. तिथल्या क्लबांत त्याला इतकी मागणी की, एका रात्रीत एकाहून अधिक ठिकाणी तो वाजवून येई. 1933 साली लँग्स्टन ह्यूज हा काळा कवी शांघायला गेला तेव्हा त्याची आणि टेडीची भेट झाली, आणि ह्यूजने आपल्या आत्मकथनात त्याची आठवण लिहिली. 1934 साली टेडी अमेरिकेत परतला तो राहण्यासाठी नव्हे, तर माणसे आणण्यासाठी. बक क्लेटन नावाच्या तरुण कर्णावादकाचे पथक त्याने शांघायला आणले. मायदेशी ज्यांना पुढच्या दाराने आत घेत नसत, त्यांना परदेशी तरी सन्मानाने काम मिळावे, म्हणून दलालीचे नव्हे, मुकादमाचे काम त्याने केले.

त्यानंतर हिंदुस्थान. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन ॲबे हा काळा व्हायोलिनवादक आपले पथक घेऊन आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ या कर्णावादकाच्या हाती पथक आले. नावाने फसू नका, खेळाशी त्याचा काही संबंध नाही. 1936 साली टेडी या पथकात पियानोवर होता, आणि त्याच साली मुंबईत त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढच्या वर्षी तो पॅरिसला जाऊन आला. तिथे त्याने एकट्याने वाजविलेल्या मुद्रिका आहेत. त्यांतील एकीला त्याने आपल्याच आडनावाची कोटी करून 'वेदर बीटन ब्लूज' असे नाव दिले. ऊनपाऊस खाऊन झिजलेल्या माणसाचे गाणे, असा त्याचा अर्थ. तेव्हा त्याचे वय चौतीसही नव्हते.

या काळ्या वादकांच्या मुंबईतील मुक्कामाचा परिणाम आपल्या कानांवर आजही आहे, हे आपल्याला ठाऊक नसेल. मुंबईतील गोव्याचे वादक हे संगीत जवळून ऐकू लागले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणते, ते 'हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखले जाऊ लागले. हेच चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आले. आणि सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी गाण्याचे काही धडे आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी गिरविले होते. 1951 साली 'अलबेला' चित्रपट आला. भगवानदादांच्या नाचावर गिरणगावापासून आपल्या खाणींपर्यंत सगळा कामकरी महाराष्ट्र नाचला. आजही कन्हानच्या वरातीत त्या चाली वाजतात. त्यांतील कर्ण्याची ती खोडकर फेक कुठून आली, हे विचारीत मागे मागे गेलात, तर वाट मुंबईच्या हॉटेलांतून शिकागोला जाते.

युद्धाच्या काळात टेडी कलकत्त्याला ग्रँड हॉटेलात आपले पथक चालवीत होता. कोलंबिया कंपनीसाठी त्याने तिथे पुष्कळ मुद्रिका काढल्या. त्यांत तो स्वतः गातोही. त्याच्या पथकात अमेरिकन होते, अँग्लो-इंडियन होते, इतर देशांतलेही होते. कलकत्ता अमेरिकन सैनिकांनी भरलेले. त्यांच्यासाठीच्या नभोवाणीवरही टेडीचे पथक वाजवी. जिमी विदरस्पून नावाचा मालवाहू जहाजावरचा एक स्वयंपाकी कलकत्त्यात उतरला, टेडीच्या पथकाबरोबर गायला, आणि पुढे अमेरिकेतला नावाजलेला ब्लूज गायक झाला. जहाजाच्या भटारखान्यातून आलेल्या माणसाला टेडीने ध्वनिक्षेपकासमोर उभे केले, हे आम्ही त्याच्या पुण्याच्या खात्यात लिहितो.

पण याच ठिकाणी आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हाला अडविले. तो म्हणाला, "भाऊ, 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. त्याच ग्रँड हॉटेलच्या फूटपाथवर मेली. आणि तुमचा हा टेडी आत साहेबांच्या जेवणावळीत वाजवीत होता. त्याच सुमारास आमच्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. तुम्ही कोणाचे गुणगान करता?"

प्रश्न टोचणारा आहे, आणि आम्ही तो झटकून टाकणार नाही. त्या दुष्काळात तीस लाखांपर्यंत माणसे मेली असा अंदाज आहे. अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभारले आणि गाणे रस्त्यावर आणले. टेडीने तसे काही केले नाही. ते माप त्याला लावले तर तो उणाच पडेल. परंतु आम्ही सहकाऱ्याला विचारले की, आपण काढलेला कोळसा कुठे कुठे जळतो, हे आपण कधी विचारले का? तो साहेबाच्या बंगल्याची वीजही पेटवितो आणि दवाखान्याचीही. पगारावर हात विकणाऱ्याला गिऱ्हाईक निवडता येत नाही. टेडी त्या हॉटेलचा पाहुणा नव्हता, चाकर होता. ज्या अमेरिकन सैन्यासाठी तो वाजवी, त्या सैन्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ते वेगळेपण संपविण्याचा हुकूम निघाला 1948 साली, तोवर टेडी जिवंत राहिला नाही. शाहीर आपल्या माणसांत उभा राहून गात होता. टेडीची माणसे आठ हजार मैलांवर होती. दोघांना एकाच तराजूत घालू नये, एवढेच आमचे म्हणणे. सहकाऱ्याचे समाधान झाले असे नाही. आज तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे, आणि मान हलवितो आहे ती होकाराची नव्हे.

25 एप्रिल 1945 रोजी टेडी कलकत्त्यात पटकीने गेला. वय एकेचाळीस. पटकी ही घाण पाण्याची व्याधी, गरिबांच्या वस्तीची. युद्ध संपत आले होते. आणखी काही वर्षे जगता तर कदाचित मायदेशी त्याचे नाव झाले असते, कदाचित नसतेही. अमेरिकेतील संगीताचे इतिहास लिहिले गेले तेव्हा तो तिथे नव्हता, आणि आपल्या इतिहासात परक्याला जागा नव्हती. दोन्ही हजेरीपटांत गैरहजर लागलेला हा माणूस.

मग आम्हाला त्याचे नाव कळले कसे? केवळ तबकड्यांमुळे. तबकडीच्या मधल्या कागदावर वादकांच्या प्रमुखाचे नाव छापलेले असते. तेवढ्या एका कागदी चकतीने त्याला वाचविले.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच केला. मागे एकदा आमच्या युनियनच्या कार्यालयात पावसाने छत गळले, आणि जुन्या फाइली वाळवायची वेळ आली. त्यांत गेटसभांच्या खर्चाच्या पावत्या होत्या. आपल्याकडची रीत आपल्याला माहीत आहे. पुढारी येईपर्यंत माणसे थांबावीत म्हणून आधी कोणीतरी पेटी घेऊन गाणी म्हणतो. पावत्यांवर पुढाऱ्यांची नावे होती, लाऊडस्पीकरवाल्याचे नाव होते, मांडववाल्याचे होते. आणि जवळजवळ प्रत्येक सभेच्या खर्चात एक ओळ होती, 'पेटीवाला, रोख'. नाव नाही. आम्ही जुन्या लोकांना विचारले. एक म्हणाला, हॉलेजवर होता. दुसरा म्हणाला, नाही, लोडर होता, आवाज भारी होता, संपाच्या वेळी रात्रभर गात असे. गाण्याच्या दोन चाली एकाने गुणगुणून दाखविल्या. नाव कोणालाच आठवले नाही. त्याची तबकडी निघाली नव्हती, आणि आमच्या पावतीवर त्याला आम्ही माणसाऐवजी वाद्याच्या नावाने लिहिले होते. हे कोण्या गोऱ्या मालकाने केले नाही. हे आमच्या संघटनेने केले, आमच्या लाल शाईने केले.

म्हणून आम्ही आपल्यापाशी एक मागणे मागतो. येथे भजनी मंडळांतले, जलशांतले, दंडारीतले, खडी गंमतीतले, भीमगीतांच्या पथकांतले पुष्कळ लोक राहतात. कोणाच्या घरी कोणाचा आजा गात असेल, कोणाची मावशी. आम्ही दोनशे पानी एक वही आणली आहे आणि ती व्याख्यान संपल्यावर दाराशी टेबलावर ठेवली जाईल. ज्याला जे नाव आठवेल ते लिहावे. नाव, गाव, काय गात असे, कोणत्या खाणीत किंवा कारखान्यात होता, एवढे पुरे. आता प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे, तेव्हा जे हयात आहेत त्यांचे गाणे टिपून ठेवावे. आणि त्या पेटीवाल्याचे नाव कोणाला ठाऊक असेल, तर त्याने आम्हाला आज रात्री घरी जाण्यापूर्वी गाठावे.

मुंबई-कलकत्ता मार्गाची गाडी आपल्या नदीवरच्या पुलावरून जाते. आता थोड्या वेळाने एक गाडी जाईलच. तिच्या खडखडाटाआधी, चालकांच्या परवानगीने, टेडीने 1937 साली पॅरिसमध्ये वाजविलेली ती झिजलेल्या माणसाची मुद्रिका आम्ही आपल्याला ऐकवितो. तीन मिनिटांचीच आहे. डाव्या हाताकडे लक्ष ठेवावे.